डावी बाजू नाथांची

१३ मार्च, गुरुवार. होळी

संध्याकाळी होळीला पोळीचा नैवेद्य दाखवला आणि हे मौनाला बसले. आता पाडव्याला गुढी उभी राहीपर्यंत तोंडातून शब्द नाही. तसं एरवीही ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे विहिरीतला गाळ उपसण्याइतकं काम. पण एरवी गप्प बसतात ते मला टाळायला आणि आता नाथांसाठी, एवढाच काय तो फरक.

आमच्या घरात हे पिढ्यांपासून चालत आलंय. सासऱ्यांनंतर मान ह्यांच्याकडे, म्हणजे मच्छिंद्ररावांकडे आला. (लिहायला हरकत नाही, तोंडाने घेत नाही.) होळी ते पाडवा घरात तळण नाही, बाजेवर झोपणं नाही, पुरुषांनी दाढी करायची नाही. मौनाला बसणाऱ्याने गावाची शीव ओलांडायची नाही. खुणेने किंवा लिहूनसुद्धा काही मागायचं नाही, काही विचारायचं नाही. पुढ्यात येईल ते खायचं. पाडव्याला मौन सुटतं तेव्हा जो पहिला शब्द येईल तो नाथांनी दिलेला, घराने तो वर्षभर जपायचा. एका वर्षी हे "विहीर" म्हणाले, आम्ही विहीर खोल केली आणि पाणी लागलं. गेल्या वर्षी म्हणाले "चहा". मग काय, वर्षभर दारात आलेल्या प्रत्येकाला चहा पाजला. साखरेचे डबे रिकामे करता करता रेश्मा वैतागून गेली.

रेश्मा म्हणजे आमची सून, आमच्या हर्षलची बायको. यंदा समईच्या तेलवातीचं काम तिच्याकडे दिलंय. देवघरात ह्यांच्या उजव्या हाताला समई आणि डाव्या हाताला दार. त्या कोपऱ्यात शिरून वाकायला माझे गुडघे आता ऐकत नाहीत.

१५ मार्च, शनिवार

आज गच्चीवर कुरडया घातल्या. तळायच्या पाडव्यानंतर, पण वाळवायला काय हरकत आहे. रेश्मा सोऱ्या दाबत होती आणि नात संस्कृती कावळे हाकलायच्या नावाखाली ओला चीक खात होती. पाच वर्षांची आहे, पण पोटात विहीर आहे. खाली लिंबाला मोहोर आलाय, त्याचा वास गच्चीपर्यंत येत होता. हर्षल तिसगावच्या बाजारातून साखरगाठी घेऊन आला, आत्ताच, म्हणे नंतर महाग होतात.

देवघरात हे शांत बसलेले. मी जाता येता डोकावून, "ऊन लई झालं हो आज," असं काहीबाही सांगत होते. ते हसले. मौनात हसायला बंदी नाही.

१७ मार्च, सोमवार

सकाळी हे आंघोळीनंतर मोरीतच बसून राहिले. हर्षलने हाताला धरून उठवलं. उन्हाचा त्रास असेल. ताक दिलं, ते घेतलं.

जेवताना एक नवल झालं. ताटातलं उजवीकडचं सगळं खाल्लं, भाकरी, पिठलं, ठेचा. डावीकडचा भात आणि कांदा तसाच. हात धुतला आणि बसून राहिले. मी म्हटलं, "अहो, भात राहिला." त्यांनी मान वर केली, समईकडे बघितलं, काही वेळ बघतच राहिले. भाताला हात लावला नाही. भात म्हणजे ह्यांचा जीव. मला चुकल्यासारखं वाटलं, मिठाला कमी पडला की काय म्हणून चाखून बघितला. चांगला होता.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

आज सगळ्यांनी बघितलं. ह्यांनी पूजा केली आणि देव्हाऱ्यातल्या उजवीकडच्या अर्ध्या देवांनाच फुलं वाहिली. गंध लावलं तेही कपाळाच्या उजव्या भागाला, मध्यावर येऊन थांबलं. दुपारी परत अर्धं ताट.

संध्याकाळी भागवतबुवा आले. ह्यांचे गुरुबंधू, आमच्या भजनाचे म्होरके. त्यांनी दारात उभं राहून बराच वेळ निरखलं आणि तिथूनच लोटांगण घातलं. मला म्हणाले, "वैनी, नाथ येऊन बसलेत ह्यांच्या डाव्या अंगाला. म्हनून तिकडचं हे काई शिवत न्हाईत. निम्मं ताट त्यांचं, निम्मी पूजा त्यांची."

माझ्या अंगावर काटा आला. भीती का आनंद, ते काही कळलं नाही. मी विचारलं, मग आम्ही वागायचं कसं? बुवा म्हणाले, "डाव्या बाजूला कुनी फिरकू नका. तिथं बसायचा मान फकस्त बायकूचा. पूजेला डाव्या हाताला कोन बसतं? तुमीच. तुमी बसा, सेवा करा. बाकीच्यांनी समोरून न्हाईतर समईकडून."

तर आजपासून माझा पाट त्यांच्या डावीकडे. चाळीस वर्षांत एवढा मान मिळाला नव्हता, उगाच कशाला खोटं लिहू.

२१ मार्च, शुक्रवार

संस्कृतीने नवा खेळ काढलाय. ह्यांच्या डावीकडून ताटातले शेंगदाणे पळवते. ह्यांना पत्ता नाही. रेश्माने धपाटा घातला तर म्हणते, "मम्मी, मी इथं हुबी राहिले ना, की मी आजोबांना दिसतच न्हाई. मी गायब व्हते." मी म्हटलं, बाळा तिथं देव बसलेत, तिथं खेळू नये. तिने त्या जागेकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मग देवाच्या मांडीवर तूच बसतीस का?"

हसावं की रडावं. पण दिवसभर त्या पाटावर बसताना अंग चोरून बसले.

रात्रीची भांडी आवरताना रेश्मा म्हणाली, "आई, आप्पांचं तोंड वाकडं वाटतं का तुम्हाला?" मी म्हटलं, दाढीच्या जंगलात तुला तोंड दिसलंच कसं? ती हसली नाही. ती नगरची, शिकलेली, तिला आमचं थोडं कमीच पटतं. म्हणाली, "चालताना डावी चप्पल घालत नाहीत. परवापासून एकाच चपलेवर चाललेत." मी म्हटलं, ते पाऊल नाथांचं असेल. म्हटलं खरं.

२३ मार्च, रविवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुपारच्या आरतीला धुपाटण्यातला निखारा उडाला आणि ह्यांच्या डाव्या तळहातावर पडला. मी किंचाळले. हे तसेच बसलेले, समईकडे बघत, चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. कातडी जळल्याचा वास आला मला. हर्षलने धावत येऊन निखारा झटकला, तेव्हा त्यांनी हर्षलकडे नवलाने बघितलं, जणू हा कुणाचा हात धरतोय.

भागवतबुवांनी गावभर सांगितलं. संध्याकाळपर्यंत अंगणात चपला मावेनात. गोजरबाई, जी माझ्याशी पाण्याच्या बारीवरून वर्षभर बोलत नाही, ती माझ्या पाया पडली. म्हणाली, "तू नाथाजवळ बसती बाई." मी तिला उठवलं. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवते.

रेश्माने फोडाला मलम लावलं. हात खाली ठेवताना तो मांडीवरून घसरला आणि लोंबत राहिला, तर ह्यांनी उजव्या हाताने तो उचलून बाजूला सारला. आपल्या अंगावर दुसऱ्याचा हात पडला की सारतात, तसा.

२५ मार्च, मंगळवार

मी डावीकडून बोलले की हे उजवीकडे बघतात.

आज मुद्दाम करून पाहिलं. "अहो, दूध घ्या." मान उजवीकडे. समई, भिंत, वर तुळई, सगळीकडे नजर फिरली. मी हातभर अंतरावर बसलेली. "अहो, इकडे. मी इथं हाय." परत उजवीकडे. मग डोळे भरून आले त्यांचे. गालावरून पाणी दाढीत गेलं आणि त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला.

बुवा म्हणतात, वहिनी, तुमच्या तोंडून नाथ बोलतात, म्हणून त्यांना भरून येतं. असेल. पण भर दुपारी, बाहेर एवढं लख्ख ऊन, आणि माझा माणूस माझा आवाज भिंतीत शोधतोय. मला एकदम माझा हात बघावासा वाटला. बांगड्या वाजवून बघितल्या. वाजल्या.

त्या आवाजाने ते आणखीच रडले.

२७ मार्च, गुरुवार

आज मी खूश आहे. अंगणवाडीतून निवृत्त झाले तेव्हाचा माझा एकटीचा फोटो बाहेरच्या खोलीत असतो. सकाळी हर्षल ह्यांना बाहेरून आणत होता, तेव्हा हे फोटोपाशी थांबले. हात वर करून तो खिळ्यावरून काढला. छातीशी धरून देवघरात आणला, समईशेजारी भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. मग बराच वेळ फोटोसमोर मान खाली घालून बसले.

एवढ्या वर्षांत कधी गजरा आणला नाही या माणसाने. मी डावीकडे बसून पदराने डोळे पुसले. रेश्माला म्हटलं, बघ, मौनात माणूस किती बदलतो. ती फोटोकडे बघत राहिली, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

दुपारी गोजरबाई दर्शनाला आली. फोटो बघितला आणि मला बाजूला घेतलं. "छबूबाई, जित्या मानसाच्या फोटोला फूल वाहू न्हाई गं. काढ ते." मी म्हटलं, तुला जळायला होतंय. तरी ती गेल्यावर काढायला गेले. फूल नव्हतंच जाग्यावर. त्यांनी ते उजव्या मुठीत धरलं होतं, चुरगळलेलं.

२८ मार्च, शुक्रवार

रेश्मा विहिरीवर गेली होती आणि समई शांत व्हायला आली होती. म्हणून मीच तेल घेऊन त्या कोपऱ्यात शिरले, गुडघे काहीही म्हणोत. वात वर केली आणि वळून ह्यांच्याकडे बघितलं.

ते माझ्याकडे बघत होते. सरळ माझ्या तोंडाकडे, किती दिवसांनी. डोळे एवढे मोठे झाले. भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकले, मग डोळे घट्ट मिटले आणि ओठ हलायला लागले. आवाज नाही, पण ओठांवरून कळत होतं. पोरगं एकटं अंधारात जाताना जे म्हणतं ते नाथांचं नाव.

माझ्या नवऱ्याला माझी भीती वाटली. का?

मी तेलाची वाटी तिथेच ठेवून बाहेर आले आणि परत माझ्या पाटावर, डावीकडे जाऊन बसले. हळूहळू त्यांनी डोळे उघडले, उजवा कोपरा नीट तपासला. तिथे कोणी नाही बघून श्वास सोडला. आता त्या बाजूला जायचं नाही. माझ्यामुळे ध्यान मोडत असेल.

२९ मार्च, शनिवार

घरात भांडण. रेश्माने तिच्या मावसभावाला फोन केला होता, तो नगरला एका दवाखान्यात कामाला आहे. त्याने सांगितलं, आत्ताच्या आत्ता आणा. ती हर्षलला म्हणाली टेम्पो काढ.

मी दारात उभी राहिले. शीव ओलांडली तर एवढ्या पिढ्यांचं मौन मोडलं. उद्या पाडवा. एक दिवस.

"आई, हा देव न्हाई, हा आजार आहे," रेश्मा म्हणाली. माझ्यापुढे ती प्रथमच एवढ्या मोठ्याने बोलली. "तो हात जळला, आप्पांना कळलं न्हाई. तुम्ही हाक मारता, त्यांना दिसत न्हाई. तुम्हाला कसं कळत न्हाई?"

"मला समदं कळतंय. तुझ्या जन्माआधीपास्नं ओळखते मी त्यांना."

हर्षल कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "रेश्मा, उद्या गुढी उभी राहिली की लगीच निघू. आप्पांचं मौन मोडलेलं त्यांनाच चालायचं न्हाई." किल्ली खिशात टाकून तो आंब्याचे डहाळे आणायला गेला.

सगळे गेल्यावर मी त्यांचा डावा हात हातात घेतला. थंड होता. चिमटा काढला. मग नखाने जोरात काढला. ते समईकडे बघत होते. माझा फोटो अजून तिथेच आहे.

नाथा, तू असशील तर बस बाबा, पण नसशील तर आजच सांग.

३० मार्च, रविवार. पाडवा

हे दवाखान्यात बसून लिहितेय, नगरला.

सकाळी गुढी उभारली. कडुनिंबाचा पाला, साखरगाठ, माझी लग्नातली पैठणी. अंगण भरलं होतं, सगळा गाव पहिल्या शब्दासाठी कान लावून. बुवांनी शंख वाजवला. ह्यांना ओसरीवर आणून बसवलं, मी डावीकडे, रेश्मा उजवीकडे तांब्या घेऊन. ह्यांनी पाणी घेतलं, थोडं डाव्या ओठातून गळालं.

आणि म्हणाले, "छबू."

चाळीस वर्षांत चारचौघांत माझं नाव घेतलं नव्हतं. अंगणात कोणीतरी "वा" म्हटलं. मी लाजले, या वयात, सगळ्या गावासमोर लाजले. पदर सावरला.

मग त्यांनी रेश्माचा हात धरला. जीभ जड होती, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"छबूचा दहावा झाला का गं पोरी? मी मौनात हुतो म्हनून इचारता न्हाई आलं. कशानं गेली ती? मला कुनी सांगितलंबी न्हाई. बांगड्या वाजत्यात तिच्या, हाका मारती मला, पन दिसत न्हाई."

अंगणात कोणी हललं नाही. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागलेला होता.

रेश्मा रडत म्हणाली, "आई, इकडं या. ह्या बाजूला या."

मी उठले. त्यांच्या पाठीमागून फिरून उजवीकडे गेले आणि समोर बसले. त्यांनी मला बघितलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. एकच हात उठला, दुसरा आलाच नाही, त्या एका हातानेच नमस्कार केला मला.

"न्यायला आलीस व्हय? चल. झालं माझं मौन."

३१ मार्च, सोमवार

डोक्याच्या उजव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यामुळे त्यांच्यापुरती जगाची डावी बाजूच गेली. ताट, हात, माणसं, सगळं. डोळे चांगले आहेत, पण तिकडे काही असतं हेच डोक्याला कळत नाही. पहिल्या काही तासांत आणलं असतं तर औषध देता आलं असतं.

मी विचारलं, म्हणजे मोरीत बसले त्या दिवशी? त्या म्हणाल्या, बहुतेक.

मी त्यांना सांगितलं की मी डावीकडेच बसत होते, मुद्दाम. त्यांनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईंची मुलगी नाझनीन ईदचा शीरखुर्मा वाटीत घेऊन आली. "खा ना काकू, दो दिवस झाले तुम्ही काही खाल्लं नाही." तिच्यासमोर रडले.

३ एप्रिल, गुरुवार

उजवीकडे बसले की मी जिवंत असते. माझ्या तोंडावरून हात फिरवतात, बांगड्या मोजल्यासारखं करतात, म्हणतात, "हाय बरं का, खरंच हाय." चमच्याने पेज घेतात. आज तर भातात मीठ कमी म्हणून कुरकुर केली. मला एवढं बरं वाटलं की मी भांडले त्यांच्याशी.

पाणी आणायला उठून डाव्या बाजूने गेले की परत संपले. परत येते तेव्हा दचकतात.

भागवतबुवा भेटायला आले होते. दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

व्यायाम शिकवणाऱ्या पोरीने आज सांगितलं, "आजी, आता तुम्ही उजवीकडे बसायचं नाही. डावीकडे बसायचं, डावा हात धरायचा आणि बोलत राहायचं. त्यांना सगळ्यात जास्त शोधायचंय ते तुम्हाला. म्हणून तुम्हीच तिकडे बसलात तर मान वळवायला शिकतील. किती दिवस लागतील सांगता येत नाही. वळेलच असंही नाही."

मी म्हटलं, दुसऱ्या कोणालातरी बसवा. रेश्माला बसवा. तुम्हाला माहीत नाही तिकडे बसलं की काय होतं.

तिने ऐकून घेतलं आणि स्टूल उचलून डावीकडे ठेवलं.

दुपारपर्यंत मी काही त्या स्टुलावर बसले नाही. ते मला डोळे भरून बघत होते, संस्कृती शाळेत जाते का विचारत होते. मग झोप लागली त्यांना. तेव्हा उठले आणि फिरून डावीकडे बसले. जळलेल्या तळहातावरची खपली आता सुकलीय. तो हात माझ्या मांडीवर घेतला.

चार वाजता जाग आली. त्यांनी उजवीकडे बघितलं. तिथे रेश्मा उभी होती, खुर्ची रिकामी. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"गेली का गं परत?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले. मी हात दाबला, जमेल तेवढा जोरात, आणि हाक मारली, "अहो, इकडं." त्यांनी उजवीकडच्या खिडकीकडे बघितलं. मी परत हाक मारली.